नगराध्यक्ष रडले नव्हते

कांदा विकणाऱ्या माणसाने जर्मनीतल्या नगराध्यक्षाची भूमिका करायला घेतली, की लोकांना वाटतं मंडळातले बाकीचे नट सुट्टीवर गेलेत. तसं नव्हतं. एकांकिका मीच लिहिली होती, मुख्य भूमिका मीच स्वतःला दिली होती, आणि कुरकुर करणाऱ्या दोघांना घरी बोलावून बायकोच्या हातची वालाची उसळ खायला घातली होती. लोकशाही मला एवढीच जमते.

इथे आखातात, रास अल खोरच्या भाजी मार्केटात माझा कांद्याचा होलसेलचा गाळा आहे. खोर फक्कानच्या बंदरात कंटेनर अडकला की माझा श्वास अडकतो. पहाटे पाचला सुरू झालेला दिवस संध्याकाळी पाचला संपतो, तेव्हा माझ्यातला व्यापारी, नवरा, बाप असे सगळे आळीपाळीने झोपी गेलेले असतात. जागा राहतो तो एकटा नट. त्याला झोप नाही. त्याच्यापायीच ही सगळी भानगड झाली.

मंगळवारी आणि गुरुवारी मी करामा भागात थांबतो. मुलीचा जर्मनचा क्लास तिथे असतो. तिला बारावीनंतर जर्मनीला शिकायला जायचं आहे, हल्ली सगळ्यांनाच जायचं असतं. क्लास सुटला की मुलगी मागच्या सीटवर बसते आणि कानात इयरफोन घालून या जगातून निघून जाते. पुढच्या सीटवर तिच्या बाई बसतात. बाई सत्तरीला टेकलेल्या, जर्मन, शारजात आमच्यापासून दोन बिल्डिंगी सोडून राहणाऱ्या. त्यांचे यजमान पाण्याच्या पाइपलाइनीच्या कामावर इकडे आले, राहिले आणि इथेच गेले. बाई परत गेल्या नाहीत. का, ते मला बरेच दिवस माहीत नव्हतं.

शारजाच्या रस्त्यावर संध्याकाळी गाडी चालत नाही, सरकते. दीड तास समोरच्या गाडीच्या लाल दिव्यांकडे बघत बसायचं. माणसं अशा वेळी एकमेकांना काहीही सांगतात. माझ्या सगळ्या गोष्टी बाईंना सांगून झाल्या होत्या. जहाजावर कांद्याला कोंब फुटले ती गोष्ट, आणि इमिग्रेशनच्या रांगेत माझ्या सासऱ्यांनी अधिकाऱ्याचाच इंटरव्ह्यू घेतला ती. बाई ऐकून घेत. क्वचित म्हणत, "हे सगळं खरंच घडलं?" मी म्हणे, "बरंचसं."

आमचं बोलणं इंग्रजीतून व्हायचं, दोघांच्याही मोडक्या. इथे मी ते मराठीत लिहितो आहे, म्हणून दोघंही जरा हुशार वाटतील.

एका मंगळवारी बाईंनी पर्समधून लिफाफा काढला.

"महिन्यापूर्वी माझ्या गावाचं हे पत्र आलं," त्या म्हणाल्या. "तिथे एका रस्त्याला माझ्या आजोबांचं नाव आहे. ते ठेवायचं की काढायचं, हे नगरपालिकेत ठरणार आहे. कुटुंबाचं मत विचारलंय."

"आजोबा कोण होते?"

"नगराध्यक्ष." मग जरा थांबून, "त्या काळातले."

जर्मन माणूस 'त्या काळातले' म्हणाला की कुठला काळ ते विचारावं लागत नाही. मी रेडिओ बंद केला. मला आनंद झाला होता, हे लपवत नाही. गोष्टी सांगून पोट भरत नसलं तरी मन भरणाऱ्या माणसाला, दुसऱ्याच्या घरातलं कपाट उघडलं की जो आनंद होतो, तो.

आजोबांचं बियाण्यांचं दुकान होतं. सज्जन माणूस म्हणून गावाने निवडून दिलं. त्यांनी नदीकाठी बाकं बसवली, शाळेत नळ आणला. मग नाझी सत्तेवर आले आणि पहिल्याच वसंतात आजोबांनी त्यांच्या पक्षाचं सभासदत्व घेतलं. आजीला म्हणाले, या खुर्चीवर मी नसलो तर कोणी तरी गुंड येऊन बसेल.

"हे आमच्याकडेही म्हणतात," मी म्हणालो.

"सगळीकडे म्हणतात. आणि ते अगदीच खोटं नसतं. तीच तर अडचण आहे."

मग वरून हुकूम आला. नदीकाठच्या बाकांवर ज्यूंनी बसू नये, तशा पाट्या लावा. आजोबांनी वरच्या कचेरीला पत्र लिहिलं.

"विरोध केला?" मी स्टिअरिंगवर पुढे झुकलो.

"पत्र लिहिलं की पाट्यांबरोबर आलेले स्क्रू जाड आहेत. त्यांनी बाकांचं लाकूड फुटेल. बारीक पाठवा." बाईंनी लिफाफा परत पर्समध्ये ठेवला. "ते पत्र गावाच्या दप्तरात आहे, मी वाचलंय. बारीक स्क्रू आले. पाट्या लागल्या. एकही बाक फुटलं नाही."

मी हसलो. हसू आलं ते खरं आहे. मग अल नहदाच्या पुलापर्यंत काही बोललो नाही, आणि माझ्यासाठी ते अंतर फार आहे.

गुरुवारी मी कढईतल्या तेलासारखा तापून बसलो होतो. बाईंनी सीटबेल्ट लावायच्या आत विचारलं, पुढे काय झालं?

पुढे असं झालं. गावात एकच ज्यू कुटुंब उरलं होतं. डॉक्टर, त्यांची बायको आणि दोन मुली. पूर्वी आजोबा दर बुधवारी डॉक्टरांकडे पत्ते खेळायला जायचे. मग जाणं बंद केलं. काही वर्षांनी आणखी एक हुकूम आला, की गावात उरलेल्या ज्यूंची यादी पाठवा. ती आजोबांनी स्वतः लिहिली. कारकुनाला दिली नाही, कारण कारकुनाचं अक्षर वाईट होतं. चार नावं. पहिल्या नावाआधी सवयीने 'डॉक्टर' लिहून गेले. मग त्यांच्या लक्षात आलं की ज्यूंच्या पदव्या सरकारने काढून घेतल्या आहेत. तेव्हा त्यांनी पट्टी ठेवून तो शब्द सरळ रेघेत खोडला, आणि खाडाखोड आपणच केली आहे हे कळावं म्हणून बाजूला छोटी सही केली.

"कागद नियमात बसला पाहिजे ना," बाई म्हणाल्या.

"आणि ते चौघं?"

"एका सकाळी स्टेशनवर नेले. परत कोणी आलं नाही."

लढाई संपल्यावर जिंकलेल्यांनी आजोबांकडून लांबलचक फॉर्म भरून घेतला. हा नुसता मागून चालणारा माणूस होता, असा शेरा मारून सोडून दिलं. त्यांनी घरामागे नासपतीची झाडं लावली. दहा वर्षांनी गावाने रस्त्याला नाव दिलं, शाळेच्या नळाबद्दल. बाई लहान असताना आजोबा त्यांना नासपती सोलून द्यायचे.

"मला ते फार आवडायचे," बाई म्हणाल्या. "डॉक्टरांबद्दल कधी एक शब्द बोलले नाहीत. चांगला नाही, वाईट नाही. माझा भाऊ म्हणतो, ते आतल्या आत रडत होते. त्याने कुठून बघितलं, मला माहीत नाही. मी गावाला कळवलंय, नाव काढा. तेव्हापासून भाऊ माझ्याशी बोलत नाही."

मी त्या जॅममध्येच, एका सिमेंट मिक्सरच्या मागे उभा असताना, विचारलं, "मॅडम, मी यावर एकांकिका लिहू?"

मिक्सर दोन गाड्या पुढे गेला.

"कोण बघणार?"

"आमची मंडळी. दोनेकशे. मराठीत. तुमच्या गावापर्यंत काही जात नाही."

"लिहा. त्यांना जाडं करा, टकलं करा, गाणं म्हणायला लावा. फक्त एक करू नका." त्या माझ्याकडे वळल्या. "त्यांना रडवू नका. त्यांनी खाडाखोड केली, सही केली आणि जेवायला घरी गेले. तेवढंच दाखवा. रडवलंत, की माझा भाऊ खरा झाला."

"शब्द देतो," मी म्हणालो, आणि उजवा हात छातीवर ठेवला. असले हावभाव मला फुकट येतात.

मागे मुलगी इयरफोनमध्ये होती. तिने यातलं काही ऐकलं नाही. हे पुढे महत्त्वाचं ठरलं.

एकांकिका तीन आठवड्यांत लिहून झाली. एका शुक्रवारी बाईंना चहाला बोलावलं, वाचून दाखवायला. बायकोने त्या सकाळी उंबऱ्याबाहेर कुंकवाचं स्वस्तिक काढलं होतं, ती दर शुक्रवारी काढते. बाई लिफ्टमधून आल्या आणि दारात थांबल्या.

बायकोच्या लक्षात आलं, ती कसनुशी झाली. "अहो, त्यांना सांगा ना, आपलं फार जुनं आहे. त्यांच्या त्याचा काही संबंध नाही."

मी सांगितलं.

"माहीत आहे," बाई म्हणाल्या. "डोक्याला माहीत आहे. पायांना जरा वेळ द्या." आणि एक मिनिटाने कडेने पाऊल टाकून आत आल्या. चकल्या मात्र दोन वेळा घेतल्या, आणि एकांकिका इंग्रजीतून शेवटपर्यंत ऐकली.

आमचा दिग्दर्शक वसईचा. एका हॉटेलात बँक्वेट सांभाळतो, त्यामुळे नाटकही लग्नाच्या जेवणासारखंच बसवतो. स्टार्टर वेळेवर, मेन कोर्स गरम, आणि शेवटी गोड पाहिजेच. तालमी माझ्या गोदामात, गोण्यांच्या थप्पीमध्ये. कपडेपट सांभाळणाऱ्या काकूंना नाझींच्या दंडावरच्या पट्ट्या शिवायला सांगितलं होतं. त्यांनी सुबक काळ्या पट्ट्या आणल्या, वर लाल धाग्यात स्वस्तिक, सरळ, आणि चारही घरांत एकेक ठिपका.

"काकू, हे काय?" दिग्दर्शक म्हणाला. "ही सत्यनारायणाची पार्टी आहे काय?"

"अरे, ठिपके दिल्याशिवाय हात पुढे जात नाही माझा. अर्धवट कसं सोडायचं?"

"सरळ पण काढलंय. त्यांचं तिरकं असतं."

"मग काय वाकडं काढू? घरात बसून? दिवेलागणीला?"

शेवटी तसलं चिन्ह स्टेजवर मुळीच नको असं ठरलं. नुसत्या काळ्या पट्ट्या वापरल्या. काकूंनी आपल्या पट्ट्या कोणाकोणाला गाडीच्या आरशाला बांधायला देऊन टाकल्या.

खरी अडचण यादीच्या प्रसंगाची होती. मी लिहिल्याप्रमाणे नगराध्यक्ष टेबलाशी बसतो, चार नावं लिहितो, एक शब्द खोडतो, सही करतो, टोपी घालतो, जातो. दिवे बंद. दिग्दर्शकाने तीनदा करून बघितलं आणि खुर्ची उलटी करून माझ्यासमोर बसला.

"हे बघ, गोड कुठे आहे?"

"गोड नाही यात."

"अरे, चाळीस मिनिटं लोकांना बसवलंस आणि शेवटी माणूस टोपी घालून निघून जातो? लोक विचारतील संपलं काय. कोणी तरी चहाला उठेल. तुझं स्वगत कुठे गेलं? तू स्वगताचा माणूस आहेस रे. गेल्या वर्षी स्पर्धेत तू रडलास, तेव्हा पहिल्या रांगेतल्या बायकांनी पदर डोळ्यांना लावले."

"मी शब्द दिलाय."

"कोणाला?"

मी सांगितलं. तो मनाने चांगला आहे. ऐकून घेतलं, मान हलवली. "मग ठीक आहे. शब्द म्हणजे शब्द. मेडलचं जाऊ दे."

त्याने ते 'मेडलचं जाऊ दे' फार हळुवारपणे म्हटलं. लबाड आहे तोही.

मराठी नाटकवाल्याची ही जुनी खोड आहे आणि ती मी तुमच्यापासून लपवणार नाही. आपल्याकडे पापी माणसाला शेवटी उजेडात उभं करून पश्चात्ताप करू द्यायचा असतो. मग प्रेक्षक त्याला माफ करतो, टाळी देतो आणि हलका होऊन जेवायला जातो. टाळीशिवाय पडदा पडला तर आपल्याला वाटतं, अपघात झाला.

स्पर्धेचा प्रयोग एका शाळेच्या हॉलमध्ये होता, शनिवारी संध्याकाळी. नारळ वाढवून झाला. आदल्या आठवड्यात एक कंटेनर सडून आला होता. मी सलग सहा दिवस गोण्या निवडत उभा होतो. पाय सुजले होते. मेकअप करताना आरशात बघितलं, तर नगराध्यक्षासाठी वेगळं काही करायची गरज नव्हती. डोळ्यांखालचं सगळं तयारच होतं.

बाई तिसऱ्या रांगेत होत्या, शेजारी माझी मुलगी कानात अर्थ सांगायला.

सुरुवात छान गेली. बाकांच्या स्क्रूवर हशा आला, पत्त्यांच्या डावावर आला. मग यादीचा प्रसंग. मी टेबलाशी बसलो आणि लिहू लागलो. पहिलं नाव, दुसरं नाव. आणि मला हॉल ऐकू यायला लागला. जो कधी स्टेजवर उभा राहिलाय त्याला कळेल मी काय म्हणतो ते. खुर्च्या करकरायला लागतात. एक पोर पाणी मागतं, मागे मोबाइलचे दिवे पेटतात. दोनशे माणसं तुमच्या हातातून वाळूसारखी निघून चाललेली असतात, आणि त्यांना परत कसं आणायचं ते तुम्हाला माहीत असतं. फक्त तुम्हालाच माहीत असतं.

मी 'डॉक्टर' हा शब्द खोडला. पट्टी हातात राहिली. मी थांबलो. पट्टी खाली ठेवली. खांदा एकदा हलू दिला.

हॉल चिडीचूप झाला.

त्यानंतर मी काय केलं ते मला पूर्ण आठवतं, त्यामुळे भान हरपलं वगैरे म्हणायची सोय नाही. मी उठलो, पुढे आलो, उजेडात. न लिहिलेलं स्वगत केलं, चांगलं तीन मिनिटांचं. मित्रा, तुझ्या नावावर रेघ मारणारा हा हात. वगैरे. खरे अश्रू, दोन्ही डोळ्यांतून, उजव्यातून आधी. पदर डोळ्यांना लागले. कोणी तरी मोठ्याने हुंदका दिला. टाळ्या इतक्या वाजल्या, की दिवे बंद करणाऱ्याने गोंधळून ते परत लावले.

उत्कृष्ट अभिनयाचं मेडल मला मिळालं.

बाई आत भेटायला आल्या. मी तोंड पुसत होतो. त्यांनी माझा हात हातात घेतला, थंड आणि कोरडा हात होता त्यांचा.

"तुम्ही फार चांगले नट आहात," त्या म्हणाल्या. "आमच्या घरात इतका चांगला नट कोणी नव्हता."

मी काही तरी बोलायला तोंड उघडलं. त्या तोवर गेल्या होत्या, टॅक्सीने.

मंगळवारी त्या नेहमीसारख्या गाडीत बसल्या. हवेबद्दल बोलल्या. मला वाटलं, निभावलं. माणूस थकलेला असला की त्याला कशातही माफी दिसते.

पुढच्या आठवड्यात मुलीने तिच्या मते एक सुंदर काम केलं. प्रयोगाच्या व्हिडिओतली माझी शेवटची तीन मिनिटं कापून घेतली, खाली जर्मनमध्ये वाक्यं टाकली, सरावासाठी, आणि इंटरनेटवर चढवली. वर माझ्या संहितेतून उचललेलं बाईंच्या गावाचं नाव, नगराध्यक्षांचं नाव, सगळं. बाईंना सरप्राइज म्हणून. व्याकरण तपासायला तिने एक रात्र घालवली होती.

गुरुवारी बाईंनी सीटबेल्ट लावला आणि फोन काढून डॅशबोर्डवर ठेवला. त्यातून एका म्हाताऱ्या पुरुषाचा आवाज आला, जर्मन. मला एक शब्द कळला नाही, पण माणूस रडत बोलत होता.

"हा माझा भाऊ," बाई म्हणाल्या. "कित्येक महिन्यांनी बोललाय. तुमचा व्हिडिओ गावात फिरतोय. रस्त्याचं नाव राहावं म्हणणाऱ्यांनी तो सभेत दाखवला. भाऊ म्हणतो, बघ, समुद्रापलीकडच्या परक्या माणसाला आजोबांचं मन कळलं, तुला सख्ख्या नातीला कळलं नाही."

मागून मुलीने इयरफोन काढले होते. "मॅम, आय थॉट यू वुड लाइक इट."

"तुझी चूक नाही," बाई तिला म्हणाल्या. "तुझा एक प्रत्यय सोडला तर भाषांतरही बरोबर आहे."

मी बचावाला उतरलो. नटाला गप्प बसता येत नाही. म्हणालो, "मॅडम, लोकांच्या मनाला ते भिडलं. इतकी माणसं रडली. कोणासाठी तरी रडली ना?"

"कोणासाठी?"

मी आरशातून मुलीकडे बघितलं.

"तुमच्या नाटकात डॉक्टरांना किती वाक्यं होती?"

मोजायची गरज नव्हती. मीच लिहिली होती. "चार."

"त्यांच्या बायकोला?"

"नाही."

"मुलींना?"

"मुली स्टेजवर नव्हत्याच. आमच्याकडे तेवढ्या..." वाक्य पुरं केलं नाही. आमच्याकडे मुली भरपूर आहेत.

"चार माणसं स्टेशनवर गेली," बाई म्हणाल्या, "आणि लोक यादी लिहिणाऱ्यासाठी रडले. आता गावही रडतंय. पुढच्या महिन्यात मतदान आहे. मी काय लिहू त्यांना? की ते अश्रू शारजाच्या एका माणसाचे आहेत?"

त्या हे चिडून म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या थकून म्हणाल्या. शेजारच्या लेनमधला माणूस स्टिअरिंगवर डोकं टेकून झोपला होता, त्याला दोनदा हॉर्न वाजवून उठवावं लागलं.

घरी येऊन मुलीने व्हिडिओ काढून टाकला. पण तोवर तो तिकडच्या कित्येक फोनांमध्ये जाऊन बसला होता. ती माझ्या खोलीत आली. "बाबा, यू प्रॉमिस्ड हर?"

"हो."

"अँड यू स्टिल डिड इट? फॉर अ मेडल?"

"मेडलसाठी नाही गं. खुर्च्या करकरायला लागल्या म्हणून."

तिला ते समजलं नाही. समजावं असंही नव्हतं ते. मग मीच म्हणालो, "आपण त्या गावाला पत्र लिहू. मी सांगतो, तू जर्मनमध्ये कर."

पत्र मी त्याच आठवड्यात लिहिलं, गाळ्यावर बसून, दुपारी गिऱ्हाईक नसताना. पाच पानं झालं. सुरुवात वाळवंटातल्या सूर्यास्ताने होती. मग माझं बालपण आलं, मराठी रंगभूमी आली, माणसाच्या मनातल्या अंधाराबद्दल दोन फार बरे परिच्छेद आले. मुलीने वाचलं आणि पानं टेबलावर ठेवली.

"बाबा, धिस इज नॉट अ लेटर. यू आर डूइंग इट अगेन."

तिने पेन घेतलं. सूर्यास्त गेला. बालपण गेलं. रंगभूमी गेली. अंधाराचे परिच्छेद जाताना मी हात मध्ये घातला, तो तिने बाजूला केला. शेवटी अर्धं पान उरलं. ते असं होतं:

'व्हिडिओत रडणारा माणूस मी आहे. मी नट आहे आणि कांद्याचा व्यापारी आहे. तुमच्या नगराध्यक्षांच्या नातीने मला त्यांची हकीकत सांगितली. तिच्यात ते रडले नव्हते. त्यांना रडवू नका, असं तिने मला बजावून सांगितलं होतं आणि मी कबूल केलं होतं. प्रयोगात लोक कंटाळू लागले असं मला वाटलं, म्हणून मी रडलो. ते स्वगत मी जागच्या जागी रचलं. ते ऐकून तुम्ही काही ठरवणार असाल तर कृपया ठरवू नका. डॉक्टर, त्यांची पत्नी आणि दोन मुली यांना माझ्या नाटकात मिळून चार वाक्यं होती. हीसुद्धा माझीच चूक.'

खाली नाव, पत्ता, सही. पन्नाशी उलटल्यावर मी लिहिलेला हा पहिला मजकूर, ज्याच्यात मीठ नव्हतं. वाचून मला कसंसंच झालं. बायको म्हणाली, "अहो, छान आहे. नाही तर तुमचं वाचताना मला मध्ये पाणी प्यावं लागतं."

जर्मन भाषांतर मुलीने केलं. बाईंना तपासून देता का विचारलं, तर म्हणाल्या, "नाही. मी हात लावला की ते माझं होईल. चुकांसकट पाठवा." तसंच गेलं, ईमेलने, आणि शिवाय पोस्टानेही, कारण बाई म्हणाल्या की त्यांच्या गावात कागदाला जास्त मान आहे.

पोच आली. दोन ओळी. आपलं पत्र मिळालं, सभेपुढे ठेवण्यात येईल.

सभेचा दिवस गेला. त्यानंतरच्या गुरुवारी मी करामात गाडी लावून बसलो होतो. मार्केटात सकाळी तीन ट्रक एकदम आले होते. डोळे मिटत होते. त्या दोघी आल्या. बाईंनी सीटबेल्ट लावला. मी विचारलं नाही. रास अल खोरचा चढ आला, गेला. मी तरीही विचारलं नाही, आणि माझी मुलगी आरशातून माझ्याकडे बघत होती, आश्चर्याने.

"तुमचं पत्र वाचलं सभेत," शेवटी बाईच म्हणाल्या. "कारकुनाने. चुकांसकट. एक-दोघं हसले, मग गप्प झाले."

"आणि मतदान?"

"पुढे ढकललं. उन्हाळ्याआधी गटाराचं काम संपवायचंय, ते आधी घेतलं. रस्त्याचा विषय शरदात."

"म्हणजे नाव अजून आहे."

"आहे." त्यांनी खिडकीची काच थोडी खाली केली, गरम हवा आली, परत वर केली. "भावाचा फोन आला होता. पत्र ऐकलं म्हणे त्याने."

"काय म्हणाला?"

"म्हणाला, नट आहे, खोटं बोलतोय."

मला जरा बरं वाटलं. "मग कळलं तर त्याला. मी खोटंच रडलो होतो."

"नाही," बाई म्हणाल्या. "त्याला वाटतं, रडणं खरं होतं. पत्र खोटं आहे. मीच तुमच्याकडून लिहून घेतलं."

पुढची गाडी सरकली. मी ब्रेक सोडायला विसरलो होतो. मागच्याने हॉर्न दिला, मुलगी म्हणाली, "बाबा, गो," आणि मी गाडी एक लांबीभर पुढे घेऊन परत थांबवली.